वाचकांचे प्रश्न : चायना कॅम्पची कोळंबी

प्रश्न : मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिनं आम्हाला चायना कॅम्प हा जुना चिनी कोळीवाडा दाखवला. तिथली कुटुंबं कोळंबी सुकवून विकत म्हणे. म्हणजे आपले सोडेच का? आणि वस्ती उठली कशानं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सोडे नव्हेत. सोडे म्हणजे कच्ची कोळंबी सोलून वाळवलेली. एकेक सोलायची म्हणून तर भाव ऐकून हात आखडतो. तिथली कोळंबी बारीक, सोलत बसणं परवडणारं नव्हतं. ती आधी मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढत. त्यानं ती काळी पडत नाही आणि कवच मांसापासून सुटतं. मग टेकडीच्या उतारावर पसरायची आणि दाताळ्यानं वरखाली करत राहायची; थर जाड झाला की वरची कडक, खालची आंबलेली. कडकडीत वाळली की रगडायची आणि हातानं फिरवायच्या पंख्यातून उफणायची. भुसा उडावा तशी टरफलं उडतात. थोडी जरी ओल राहिली, तर कवच फुटत नाही, चेपतं. टरफलंही फुकट जात नसत, खत म्हणून चीनला रवाना होत.

जाळं मात्र आपल्या ओळखीचं. सातपाटी-वसईकडची डोल आठवा : तोंड रुंद, शेपूट निमुळतं, ओढीच्या पाण्यात रोवून ठेवलेली. मासळी आत ढकलायचं काम पाणीच करतं. पाणी फिरायच्या आत उचललं नाही, तर पकडलेलं बाहेर. बारीक पिल्लंही अडकतात, आणि बोट ठेवलं गेलं ते त्यावरच.

माणसं बहुतेक कँटन प्रांतातली. १८८२च्या कायद्यानं चिनी मजुरांना दार बंद झालं. मजुराला गावाकडून बायको आणणंही जवळपास अशक्य, दुकानदाराला तेवढी मुभा. पुढं १९०१मध्ये ऐन हंगामात मासेमारीबंदी, १९०५मध्ये सुक्या कोळंबीची निर्यात बंद, १९११मध्ये ती थैलीजाळीच बेकायदा. पिल्लं वाचवायची हे कारण अगदीच खोटं नव्हतं, पण रोख कुणावर होता ते लपत नाही. माल चीनला जायचा, तोच रस्ता तोडला. मग वाळवायचं कुणासाठी?

क्वान कुटुंब तेवढं टिकलं, ओढायच्या जाळ्यावर आणि दुकानावर. त्यांतले फ्रँक क्वान २०१६मध्ये वारले, तोवर तिथंच राहत होते. पुन्हा गेलात तर तिथल्या शेडमधला उफणणीचा लाकडी पंखा जवळून बघा.