विमा मुलांचा, आणि कमावता माणूस उघड्यावर

बेळगावच्या वडगावातून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३६, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मशीन शॉपला सुपरवायझर, हातात येतात ४२ हजार. पत्नी मराठी शाळेत शिकवतात, त्यांचे १४ हजार. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. घर वडिलार्जित, त्यामुळे भाडं नाही. पत्र तीन पानांचं आहे आणि त्यातलं दीड पान वाचनाबद्दल आहे. सोप्यावर जिथं पूर्वी वडिलांचा माग होता, तिथं आता सतरंजी पडते. जेवणं झाली की टीव्ही बंद, आणि तासभर चौघं वाचत बसतात. मुलगी धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवते. त्याला एकाच गोष्टीतलं एकच पान रोज हवं असतं, आणि ते तिनं गाळलं तर तो रडतो. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव ती एका वहीत तारखेसकट लिहिते. आकडा ११२ वर गेलाय.

प्रश्न असा: मुलीच्या शाळेत एक विक्रेता आला होता. ज्ञानकोशाचा संच आणि सोबत 'वाचन कार्यक्रम' भरलेला टॅब, किंमत ४८,०००. रोख नसतील तर महिन्याला २,४०० रुपये, २४ महिने. "वाचनासाठीच आहे म्हणून मन मागे घेत नाही. घेऊ की नको, एवढंच सांगा."

नको. २,४०० गुणिले २४ म्हणजे ५७,६००. वर ९,६०० व्याज. विक्रेता त्याला वर्षाला दहा टक्के म्हणेल, पण मुद्दल तुम्ही दर महिन्याला फेडत असता, त्यामुळे खरा दर अठराच्या आसपास बसतो. त्या दरानं पुस्तकं घेऊ नयेत. आठ आणि चार वर्षांच्या मुलांना एकदम चाळीस जाड खंडांची गरजही नाही. पुस्तकांबद्दल पुढं सांगतो, कारण तो भाग मला मनापासून आवडला.

पण पत्राच्या शेवटच्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलंय: "मुलांच्या शिक्षणाची काळजी नाही, दोघांच्या नावानं तीन वर्षांपूर्वीच पॉलिसी काढल्यात. प्रत्येकी ४८ हजार हप्ता, मार्चमध्ये एकदम येतो म्हणून पाटल्या गहाण ठेवून ६० हजार उचलतो, डिसेंबरपर्यंत फेडतो." पॉलिसीचे कागद तुम्ही सोबत जोडलेत हे फार बरं केलंत. मी ते दोनदा वाचले. टॅबचं सोडा, आपल्याला या पॉलिसींबद्दल बोलायचंय.

पहिली गोष्ट, विमा कोणाचा आहे? मुलांचा. चार वर्षांच्या मुलाच्या जीवावर आठ लाखांचा विमा. त्याच्या कमाईवर घरात कोणीही अवलंबून नाही. ज्याच्या पगारावर चूल पेटते त्या माणसाचा विमा किती? तुमच्याच शब्दांत, "एक जुनी पॉलिसी आहे, पाच लाखांची." उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या दोन पॉलिसींतून घरी एक रुपया येणार नाही. पालकाच्या पश्चात पुढचे हप्ते माफ व्हावेत म्हणून वेगळं कलम घ्यावं लागतं. तुमच्या कागदांत ते नाही. म्हणजे वहिनींच्या १४ हजारांच्या पगारावर वर्षाला ९६ हजारांचा हप्ता उभा राहील.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. नवरा अडतिसाव्या वर्षी गेलेला. पिशवीतून त्यांनी मुलांच्या तीन पॉलिसी काढून टेबलावर एकावर एक नीट लावून ठेवल्या आणि विचारलं, "यातलं किती मिळंल?" मी पानं उलटत राहिलो, कारण उत्तर द्यायला तोंड उघडत नव्हतं. त्यातल्या एका पॉलिसीचा पुढचा हप्ता पाच आठवड्यांवर आला होता.

दुसरी गोष्ट, मुदत. वीस वर्षं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा ती पंचवीस वर्षांची असेल. कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरायची असते. मुलाचे पैसे येतील तो एकविसाचा झाल्यावर, म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष. शिक्षणासाठी म्हणून विकलेली वस्तू शिक्षण उरकल्यावर हातात येते, हे विकणाऱ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट, परतावा. एजंटनं कागदावर पेनानं लिहून दिलंय: १५ वर्षं ४८ हजार भरा, वीस वर्षांनी साडेचौदा लाख घ्या. "दुप्पट" या शब्दाखाली दोन रेघाही ओढल्यात. हिशेब केला तर हा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या थोडा वर जातो, आणि तोही विमा कंपनीचा बोनस आजच्यासारखा मिळत राहिला तर. शिक्षणाचा खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढतो असं धरा, नऊ वर्षांत तो दुप्पट होतो. इकडं सोनं ठेवून तुम्ही बारा टक्क्यांनी पैसे उचलता आणि सव्वापाच टक्क्यांत टाकता. दर वर्षी व्याजाचेच तीन-साडेतीन हजार गेले, तीन वर्षांत दहा हजार. तुमच्या मुलीनं तेवढ्यात वही भरेल इतकी पुस्तकं वाचली असती. आणि पाटल्या वर्षातले नऊ महिने बँकेच्या तिजोरीत, घरी फक्त डिसेंबर ते मार्च.

'टॅक्स वाचतो' असंही एजंटनं सांगितलंय. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत मुळात करच लागत नाही. १२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे. न लागणारा कर वाचवायला ९६ हजार भरायचे?

आता काय करायचं ते क्रमानं.

सगळ्यात आधी तुमच्या नावावर टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. ७५ लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. ७५ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला चाळीस हजार येतात, म्हणजे साधारण तुमच्या पगाराएवढे. महागाई धरली तर हा आकडा मुळीच जास्त नाही. तंबाखू-सिगारेट नसेल तर छत्तिसाव्या वर्षी हप्ता वर्षाला दहा ते तेरा हजारांच्या घरात बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसंच लिहा. निपाणीपासून बेळगावपर्यंत 'एवढंसं तर आहे' म्हणून लोक ते लपवतात आणि दावा नाकारला गेल्यावर भोगतं ते घर. हप्ता जास्त बसला तरी चालेल. मुदत संपल्यावर यातून काही परत मिळत नाही, हे ऐकून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचे पैसे आपण परत मागत नाही.

तुम्ही मित्राच्या सोसायटीच्या कर्जाला जामीन आहात, असंही पत्रात आहे. म्हणून विम्याचा अर्ज भरतानाच १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखालचा पर्याय निवडा आणि लाभार्थी म्हणून पत्नी व दोन्ही मुलांची नावं घाला. मग विम्याच्या रकमेवर कर्ज वसूल करणारे सहसा हात टाकू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, नंतर नाही. पीएफ कापला जात असेल तर त्यातल्या ईडीएलआय योजनेत वारसांना सात लाखांपर्यंत विमा असतो. पण नॉमिनेशनमध्ये अजून लग्नाआधीचं आईचंच नाव असलेली माणसं मी दर महिन्याला बघतो. या आठवड्यात तपासून घ्या.

दुसरं, मुलांच्या पॉलिसींचा चौथा हप्ता भरू नका. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन, एजंटला मध्ये न घेता, लेखी अर्ज द्या आणि तीन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे परत घेतले, तर किती, चौथं वर्ष लागल्यावर केली तर किती, आणि पुढं हप्ते न भरता 'पेड-अप' ठेवली तर मुदतीअखेर किती. तुमच्या पॉलिसींच्या वेळच्या नियमांप्रमाणे तिसऱ्या वर्षात सरेंडरची किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते, चौथ्यापासून ५०. म्हणून तारीख घालून विचारायचं. ३५ टक्के धरले तरी दोन्हींचे मिळून लाखभर येतात. पेड-अप ठेवली तर विमा रक्कम पंधरापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे आठ लाखांचे १.६ लाख, अधिक जमलेला बोनस. आता बघा, आज पन्नास हजार घेऊन सात टक्क्यांनी ठेवले तर सतरा वर्षांत तेही १.६ लाखांच्या आसपासच जातात. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या असल्या तर मी तुम्हाला रोख घ्यायला सांगेन, कारण तुमच्याकडं अडीनडीला एक पैसाही बाजूला नाही.

"२ लाख ८८ हजार भरलेत, ते बुडतील" असं वाटणारच. मलाही वाईट वाटतं. पण अजून बारा हप्ते बाकी आहेत, साडेअकरा लाख रुपये. ते अजून तुमच्या खिशात आहेत. एजंट वहिनींचा मामेभाऊ आहे आणि बंद केली तर वाईट दिसेल, हेही तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो आणि तो त्याला केव्हाच मिळालाय. नातं तुमच्या पाटल्यांवर टिकलेलं नसावं.

सरेंडरचा लाखभर बँकेत मुदत ठेवीत ठेवा, दोन महिन्यांच्या खर्चाची सोय झाली. गल्लीतली सौहार्द सोसायटी साडेनऊ टक्के देते म्हणून तिकडं वळू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा आहे. सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं असतं म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

आता महिन्याचे आठ हजार मोकळे होतात. तुम्ही म्हणाल, ते नव्हतेच, म्हणून तर पाटल्या ठेवत होतो. होते. तुम्ही दर महिन्याला कर्ज फेडतच होतात, फक्त आधी उचलून मग भरत होतात. त्यातले अकराशे टर्मच्या हप्त्यासाठी वेगळे काढा. दोन हजार मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात. दहा वर्षं पूर्ण होण्याआधी खातं उघडावं लागतं, म्हणजे तुमच्याकडं दोन वर्षंसुद्धा नाहीत. सध्या व्याज ८.२ टक्के आहे आणि अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. तीन हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्याच मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड), एसआयपीनं, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम. वर्षाला दहा टक्के धरले तर दहा वर्षांत सहा लाखांच्या आसपास होतात. याला हमी नाही, मध्ये एखादं वर्ष खाली जाईल, तेव्हा विकायचं नाही. 'पंधरा टक्के नक्की' असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. चौदाशे बँकेतल्या त्या लाखात भर घालत राहा.

उरले पाचशे. ते पुस्तकांचे.

महिन्याला पाचशे म्हणजे वर्षाला सहा हजार. विक्रेत्याच्या चाळीस खंडांपेक्षा त्यात मुलांना हवी ती, हवी तेव्हा पुस्तकं येतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. गावात असं वाचनालय असताना मुलीचं नाव तिथं नसावं याचं मला नवल वाटलं. तिला घेऊन जा आणि पुस्तक तिचं तिला निवडू द्या. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल असतात. वर्षाच्या सहा हजारांतले दोन हजार तिथं दोन्ही मुलांच्या हातात अर्धे-अर्धे द्या. आठ वर्षांच्या मुलीनं हजार रुपयांत काय घ्यायचं आणि काय ठेवायचं हे स्टॉलपुढं उभं राहून ठरवलं, तर पैशांचा पहिला धडाही तिथंच होतो. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. धाकटा शेजारच्या मुलांत कन्नड बोलतो असं तुम्ही लिहिलंय. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची स्वस्त पुस्तकं दोन्ही भाषांत मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्येही सापडते, तीही फुकट. एका रात्री ताईनं मराठीत वाचावी, दुसऱ्या रात्री तीच गोष्ट त्यानं कन्नडमधून सांगावी. त्याचं लाडकं पान त्यात असेल याची मात्र खात्री करून घ्या.

विक्रेत्याला आजच फोन करून नाही म्हणा. टर्मचा अर्ज या महिन्यात, वैद्यकीय तपासणीसकट. कंपनीचे तीन आकडे लेखी आले की मला पाठवा, सरेंडर की पेड-अप ते कागद बघून सांगतो. पाटल्या गेल्या महिन्यात सुटून घरी आल्यात असं तुम्ही लिहिलंय. या मार्चमध्ये त्या घरीच राहू द्या.