मुलीच्या सायकलला मीटर: तारेचा, साधा आणि वेग झाकलेला

ताई, तुमची मुलगी आठ वर्षांची, सायकल २० इंची, आणि 'मी किती जोरात गेले' हे दाखवणारा मीटर तिला हवाय. जीपीएसवाला घ्यावा की साधा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो: तारेचा, म्हणजे चाकाजवळच्या सेन्सरला वायरने जोडलेला, साधा मीटर घ्या, आणि त्यावर तिला वेग नको, अंतर दिसू द्या.

माझा मुलगा तिसरीत असताना मी त्याच्या सायकलला मीटर लावून दिला. आठवड्याच्या आत, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, ताशी १४ किलोमीटरचे १५ करायच्या नादात तो खाली आकड्याकडे बघत राहिला आणि उभ्या स्कूटरवर आदळला. हनुवटीला तीन टाके पडले. मीटर मी काढला नाही, वेग झाकला. बऱ्याच साध्या मीटरमध्ये वेग वरच्या ओळीत मोठ्या आकड्यात कायम दिसतो, बटण दाबलं की फक्त खालची ओळ बदलते. वरच्या ओळीवर काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावली की झालं. खाली एकूण अंतर ठेवायचं. तो आकडा चालवताना बघण्यात काही गंमत नसते. घरी येऊन वहीत लिहायचा, आणि शंभरावा किलोमीटर कधी येतो याची वाट बघायची. आमच्याकडे तो विद्यापीठाच्या आवारात एका रविवारी सकाळी आला. पोरगं अजून सांगतं.

जीपीएसवाला लहान मुलाला मला पटत नाही. पार्किंगच्या छताखाली त्याला सिग्नल नीट मिळत नाही, सोसायटीतल्या छोट्या फेऱ्यांचं अंतर चुकतं, चार्जिंग सांभाळावं लागतं. आणि फेरी ॲपवर गेली, तर मूल कुठून निघतं, कुठे जातं हे सगळं नोंदलं जातं. आठ वर्षांच्या मुलीचा रोजचा रस्ता असा कुठेही साठलेला असू नये, असं मला मनापासून वाटतं.

तारेचाच का, बिनतारी का नको? कारण बटण सेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा छोटा सेल. बिनतारी मीटरमध्ये सहसा दोन असतात, एक मीटरमध्ये आणि एक चाकाजवळच्या सेन्सरमध्ये, तोही मुलाच्या हाताशी. तारेच्या मीटरमध्ये एकच. बहुतेक मीटरचं झाकण नाण्याने फिरवून उघडतं, म्हणजे मुलालाही उघडता येतं. सीआर २०३२ सारखा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही, अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला टेकून त्यातून वीज वाहिली तरी पुरे. घरात धाकटं भावंड असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा. झाकणावर घट्ट टेप लावा, जुना सेल टेपमध्ये गुंडाळून फेका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

आता बसवणं. स्पोकवर चुंबक, फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, सेन्सर, दोघांत साधारण ५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर. चुंबक स्पोकवर वर लावा की खाली, वेग तोच येतो, कारण मीटर फक्त चाकाच्या फेऱ्या मोजतो. वायर ब्रेकच्या केबलला गुंडाळत न्या आणि हँडल पूर्ण वळेल इतकी सैल ठेवा. चाकाला स्पोकच नसतील, एकसंध प्लॅस्टिकचं चाक असेल, तर असं चुंबक बसणार नाही, ते आधी बघा. नाना पेठेत सायकलच्या दुकानांत बसवूनही देतात, पण दुकानात चाकाचं माप, म्हणजे एका फेरीत चाक किती पुढे जातं ते, टाकायचं बऱ्याचदा राहून जातं आणि मीटर आधीपासून भरलेल्या मोठ्या चाकाच्या मापावर चालतो. २०९६ मिलिमीटर तसंच राहिलं तर २० इंची सायकल १० च्या वेगाने जात असताना मीटर जवळजवळ १४ दाखवेल.

म्हणून माप घरीच घ्या, मुलीला सोबत घेऊन. हवा नीट भरा. टायरवर खडूची खूण, पार्किंगच्या फरशीवर दुसरी. तिला सायकलवर बसवा, कारण वजनाने टायर थोडा दबतो, आणि सरळ रेषेत चाकाच्या तीन फेऱ्या होईपर्यंत हळू ढकला. मोजायच्या टेपने अंतर मोजा, तिनाने भागा. २० गुणिले १.७५ च्या (२० इंची, १.७५ इंच रुंद) टायरला १५१५ मिलिमीटरच्या आसपास येईल. भागाकार तिलाच करू द्या. माझ्या मुलाने तो फरशीवर खडूनेच केला होता.

काही मीटर हे माप मिलिमीटरमध्ये घेतात, काही सेंटीमीटरमध्ये. मॉडेल ठरलं की इथेच कळवा, कुठला आकडा टाकायचा ते सांगतो.