शुगर निघाल्यावर साखर, भात, पोळी बंद केली. ज्वारीच्या भाकरीवर आहे, तरी जेवणानंतरचा आकडा उतरत नाही. काय चुकतंय? आणि एकादशी करू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून ताट असं दिसतं: दोन्ही वेळेला तीन-तीन कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, वाटीभर पिठलं, आणि दिवसातून चार कप गुळाचा चहा. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.१, जेवणानंतर दोन तासांनी २४० च्या आसपास. मीही सोलापूरचाच, माझी शुगर निघून बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचा डोस वगैरे मी सांगणार नाही. ताटाचं सांगतो.

आपल्याकडे शुगर निघाली की शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असतो: ‘गहू-भात सोडा, ज्वारी खा.’ वाईट नाही तो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती आपल्या हाताशी आहे, खावीच. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकंच असतात, म्हणजे जवळपास गव्हाइतकीच. तंतुमय भाग बरा असल्यामुळे साखर थोडी सावकाश चढते, इतकंच. चढते मात्र नक्की.

त्यातून कडक भाकरी हा आपला खास घोळ. पापडासारखी पातळ, मोडून तोंडात टाकत बसलं की किती झाल्या ते कळत नाही, आणि पोटही जड वाटत नाही. ती हलकी लागते कारण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. पीठ जेवढं थापलं तेवढंच आत आहे. घरी एकदा वजनकाट्यावर बघा, एका भाकरीला किती पीठ लागतं ते. ४० ग्रॅम धरलं तरी तीन भाकऱ्यांत ८० ग्रॅमच्या वर कर्बोदकं झाली, आणि शिवाय तो गुळाचा चहा. गूळ म्हणजे रंग न काढलेली साखरच, सेंद्रिय असला तरी. चार कपांतला गूळ आधी बंद करा. आठ-दहा दिवस चहा नकोसा वाटेल, मग सवय होते.

शेंगाचटणीला मात्र लोक उगाच दोष देतात. शेंगदाण्यात कर्बोदकं कमी, प्रथिनं भरपूर, तिच्याने आकडा उडी मारत नाही. तिची अडचण वेगळी आहे: १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. वर तेल घालून कालवली की पोटाचा घेर काही कमी होत नाही, आणि टाइप टू मधुमेहात तो कमी होणं फार कामाचं. चमचा-दोन चमचे घ्या.

मग पोट कशानं भरायचं? भाजीनं. अर्धं ताट भाजीचं हवं: मेथी, चाकवत, अंबाडी, दोडका, गवार, शेवग्याच्या शेंगा. काकडी, मुळा, कांदा आहेच. पाव ताट मटकीची उसळ, हुलगे, पिठलं, अंडी किंवा मटण (रस्सा ओरपायचा नाही, फोडी खायच्या). उरलेल्या पाव ताटात भाकरी, एक किंवा फार तर दीड. आणि क्रम बदला. आधी भाजी-उसळ निम्मी संपवा, मग भाकरीला हात लावा. तेच अन्न या क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची चढ कमी होते. हे घरच्यांना पटवणं हाच खरा त्रास. आमच्याकडे अजून ‘कोरडी भाजी काय खाताय’ म्हणतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, ग्लुकोमीटर घ्या. पहिला घास घेण्याआधी एकदा आणि तिथून दोन तासांनी एकदा तपासा. आज तीन भाकऱ्यांवर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दीड भाकरी आणि दुप्पट भाजीवर. फरक तुमच्याच बोटातून दिसेल. बहुतेकांसाठी दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असतं. तुमचं डॉक्टर ठरवतील.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, गल्लीत का होईना. उन्हाळ्यात रात्रीच चाला, आणि वाटेत रसवंती लागली तर पुढे व्हा: मोठ्या ग्लासभर उसाच्या रसात सहा-सात चमचे तरी साखर असते. एप्रिल-मेमध्ये देवळातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका. शुगरनं पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजतं.

आता एकादशी. पंढरपूर एवढं जवळ असताना ‘करू नका’ म्हणणारा मी कोण! पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि भगरही तशी धान्यासारखीच. दही, ताक, काकडी, शेंगदाण्याची आमटी यांवर भर द्या, भगर वाटीभरच. खरी काळजी गोळ्यांची. नुसती मेटफॉर्मिन असेल तर उपाशी राहिल्यानं साखर एकदम पडण्याची शक्यता कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण चुकवणं धोक्याचं. हात थरथरले, दरदरून घाम आला, मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर उपास तिथेच मोडायचा: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, नाही चढली तर पुन्हा तेवढीच. कोणती गोळी चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. चिठ्ठी बघा आणि एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, त्या दिवशी सकाळी नको.