बोटांना आठवतं, नाव का आठवत नाही?

"मॅडम, हल्ली फार विसरायला होतं. अल्झायमर तर नसेल ना?" समुपदेशक म्हणून साठी ओलांडलेल्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एकदा लिहायचं ठरवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

काका 68 वर्षांचे, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त. शेजाऱ्यांच्या जावयाचं नाव चारचौघांत आठवलं नाही आणि त्यांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. भीती मात्र जागची हलेना.

तिसऱ्या भेटीत मी दहाच्या नोटांचं बंडल पुढे ठेवलं. "शंभर आहेत का बघता?"

बोटं भराभर चालली. "एक कमी आहे."

ती मीच काढून ठेवली होती. "आठ वर्षं झाली ना हे काम सोडून?"

"हे हातातच असतं हो."

"मग गेली म्हणता ती कुठली स्मरणशक्ती?"

काका बराच वेळ त्या बंडलाकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत असे क्षण मला मोजकेच मिळालेत.

स्मरणशक्ती एकच नसते. अंगवळणी पडलेली कौशल्यं वयानं फारशी ढळत नाहीत. शब्दांचे अर्थ, जगाची माहिती हा साठा साठीनंतरही टिकतो, अनेकांचा वाढतोही. उणावतं ते काल-परवाच्या घटनांचं बारीकसारीक स्मरण. नावं जास्त छळतात, कारण नावाला चेहऱ्याशी जोडणारा अर्थ नसतो. पण कुणी सांगितलं की "अरे हो!" होतं, म्हणजे ते पुसलेलं नसतं.

घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार जास्त त्रास देतो, या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशा वेळी पक्का होतो. काकांना घरात बसवलं होतं "विसरलो म्हणजे संपलो" या वाक्यानं. ते आम्ही बदललं: "विसरलो, तर विचारीन." बीपीची गोळी सकाळच्या चहाला जोडली, वारांच्या कप्प्यांची डबी आणली. "आठ वाजता घ्यायची" यापेक्षा "चहाबरोबर घ्यायची" हे लक्षात राहतं. पुढच्या आठवड्यात काका कट्ट्यावर गेले.

मात्र ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचे हिशेब न जमणं असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा. थायरॉइड, झोप, उदासी तपासून घ्या. आणि कानही. नाव नीट ऐकूच आलं नसेल, तर आठवणार कुठून?