कॉर्ड बदलली की झांज बिघडते : स्टाइल, किट आणि माझा गेलेला मृदंग

लांज्याहून लिहिलेली तुमची पोस्ट दोनदा वाचली. जाखडीसाठी (आपला कोकणातला नाच) संगणकावर कीबोर्डची स्टाइल, म्हणजे कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) धरली की आपोआप वाजणारी साथ, तयार केलीत. सी कॉर्डवर सगळं झकास, पण एफ किंवा ए मायनर दाबलं की झांजेच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं आणि बेस बेसूर होतो. आणि शेवटी विचारलंत, 'कीबोर्डच बिघडलाय का, दुरुस्तीला टाकू का?' त्या शेवटच्या प्रश्नामुळे एवढं लांब लिहितोय. टाकू नका. कीबोर्ड धडधाकट आहे.

आधी झांज. यामाहाच्या स्टाइलला ८ चॅनेल (वाद्यांच्या वेगवेगळ्या वाटा) असतात, मिडीत, म्हणजे वाद्य-संगणकाच्या नोंदीच्या भाषेत, ९ ते १६. त्यातले ९ आणि १० तालाचे, ११ बेसचा, १२ आणि १३ कॉर्डचे, १४ पॅड (लांब धरलेले सूर), १५ आणि १६ फ्रेज (छोटे सुरेल तुकडे). तुम्ही ढोलकी ९ वर, घुंगरू १० वर ठेवले आणि जागा संपली म्हणून झांज १३ वर टाकली. कीबोर्ड १३ वरच्या प्रत्येक स्वराला कॉर्डप्रमाणे वरखाली सरकवतो. किटमध्ये (तालवाद्यांच्या आवाजांचा संच) तर कीबोर्डची प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य, त्यामुळे स्वर सरकला की वाद्यच बदललं. खुद्द कीबोर्डच्या स्टाइल क्रिएटरने (स्टाइल बनवायची आतली सोय) त्या चॅनेलवर किट घेऊच दिलं नसतं. संगणकावर केलंत म्हणून ते खपून गेलं. त्या चॅनेलचं एनटीआर 'रूट फिक्स्ड' आणि एनटीटी 'बायपास' (कॉर्डप्रमाणे स्वर कसे सरकवायचे ते ठरवणाऱ्या दोन सेटिंगा) केलंत की सरकणं थांबेल. पण माझ्या मते ही मलमपट्टी आहे. ढोलकी, झांज, घुंगरू, टाळ सगळं एकाच किटात वेगवेगळ्या पट्ट्यांवर बसवा, म्हणजे तालाचे दोन चॅनेल पुरून उरतात.

बेसचं कारण तुमच्याच पोस्टीत आहे. तुमचे शाहीर काळी एकमध्ये गातात म्हणून तुम्हीही काळी एकच्या मायनरमध्ये वाजवून रेकॉर्ड केलंत, पण सोर्स कॉर्ड (कुठल्या कॉर्डवर वाजवलंय ही कीबोर्डला दिलेली माहिती) सी मेजर सेव्हन तशीच राहिली. कीबोर्डला वाटतं तुम्ही पांढरी एकमध्येच (म्हणजे सी) वाजवलंय, आणि तो तिथून मोजतो. मेन सेक्शन (स्टाइलचा फिरत राहणारा मुख्य भाग) सरळ सी मेजर सेव्हन धरून वाजवा. बेस आणि फ्रेजला सी, डी, ई, जी, ए, बी एवढेच स्वर, कॉर्ड आणि पॅडला फक्त सी, ई, जी, बी. गायकाची पट्टी ट्रान्सपोजने (सगळे सूर एकदम वरखाली करायची सोय) गाठा. इंट्रो आणि एंडिंगला हे बंधन नाही. (मी यामाहावालाच. कॉर्गच्या पीए मालिकेत मांडणी वेगळी आहे. त्यावर माझा हात बसलेला नाही, तेव्हा तिथलं माझ्याकडून घेऊ नका.)

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ट्रान्सपोज केलं तरी किट जागचं हलत नाही. काळी एकला लावलेल्या मृदंगाचा आवाज भरलात आणि बुवा पांढरी चारला गायले, तर 'ता' कानाला टोचतो. मी एकाच मृदंगाची गाण्याच्या तीन पट्ट्यांसाठी तीन किटं केली होती.

केली होती, असंच म्हणावं लागतं.

आमच्या कुडाळकडे डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनांना मृदंग लागतोच. आवाजांच्या तयार पॅकमधले तबले-ढोलकं आमच्या गजराला उपरे वाटतात, म्हणून मी वाडीतल्या एका आजोबांकडे गेलो. पन्नासेक वर्षं भजनाला वाजवलेला हात. सगळे बोल एकेक करून भरायचे ठरवले, प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात. पावसात पान (मृदंगाचं कातडं) उतरतं आणि पन्हळीचं पाणी रेकॉर्डिंगात शिरतं म्हणून वैशाखात बसलो. खिडकीला गोधडी, पंखा बंद, घामाच्या धारा. आजोबा धुमेला (मृदंगाच्या डाव्या तोंडाला) कणीक लावताना म्हणाले, "पान जरा उन्हात ठेव, मगे बघ कसा बोलता ता." तीन दुपारी गेल्या. मग भाच्याच्या लॅपटॉपवर एक्सपान्शन मॅनेजरमध्ये (कीबोर्डसाठी पॅक बनवायचं यामाहाचं सॉफ्टवेअर) वेव्ह फाइली, म्हणजे रेकॉर्ड केलेले बोल, बसवून किट केलं. उघडा बोल आणि दाबलेला बोल एका गटात घातले, म्हणजे दाब पडला की आधीचा घुमारा तुटतो. ते जमलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात दमट हवेने दोन पट्ट्या अडकायला लागल्या. गणपती पंधरा दिवसांवर. एसटीने घाट चढून मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला कीबोर्ड दिला. पट्ट्या नीट झाल्या. पण त्यांनी न विचारता फॅक्टरी रीसेट मारला आणि वर 'भेट' म्हणून स्वतःचा इंडियन पॅक भरला. नवा पॅक इन्स्टॉल केला की आधीचा पुसला जातो, हे तिथल्या माणसाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

स्टाइली पेनड्राइव्हवर होत्या, त्यामुळे घरी आल्यावर लगेच लावून बघितल्या. बेस वाजला, पॅड वाजला, मृदंगाच्या जागी काहीच नाही. स्टाइलमध्ये आवाज नसतो हो! कुठल्या किटाची कुठली पट्टी कधी आणि किती जोरात, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. किट गेलं की ती नोंद कोणाच्याच कामाची नाही.

फोन केले. "सॉफ्टवेअरची जबाबदारी आमची नाही, पावतीच्या मागे छापलंय." एक दिवस काम सोडून पुन्हा गेलो, दोन तास बाकावर बसवलं आणि तेच वाक्य ऐकवलं. पट्टी दुरुस्त करायला मेमरी का पुसावी लागते, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तिथे सगळे असेच असतात असं मी म्हणणार नाही, तुमचा अनुभव चांगला असू शकतो. माझा हा असा आहे.

पण घोडचूक माझी होती. लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं तेव्हा भाच्याने विचारलं होतं, 'मामा, काही ठेवायचंय का?' मी म्हटलं, सगळं कीबोर्डमध्ये आहे. आणि मोबाइलमधली मूळ रेकॉर्डिंगं तर किट झाल्याच्या आठवड्यातच जागा हवी म्हणून पुसली होती. आणि आजोबा दुरुस्तीच्या आधीच, त्याच वर्षीच्या शिमग्यानंतर गेले होते.

म्हणून तुम्हाला हट्टाने सांगतो, स्टाइल फाइल सर्वात शेवटी जपा. सर्वात आधी कच्च्या वेव्ह फाइली, मग एक्सपान्शन मॅनेजरचा प्रोजेक्ट, मग पॅकची इन्स्टॉल फाइल, मग स्टाइल आणि रजिस्ट्रेशन (कीबोर्डच्या जतन केलेल्या सेटिंगा). दोन पेनड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक दुसऱ्याच्या घरी. दुरुस्तीला देताना पावतीवर पेनाने लिहून घ्या : रीसेट करू नये, पॅक भरू नये. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

आता ढोलकीबद्दल, कारण तुमची क्लिप ऐकली. तुम्ही शंभर टक्के क्वांटाइझ केलंय, म्हणजे प्रत्येक थाप यंत्राने मोजून नेमक्या जागी बसवलीय, आणि त्यात जाखडीचा झोल मेला. नाचणाऱ्याचा पाय पडतो तिथे थाप किंचित मागे रेंगाळते, ती तशीच राहू द्या. फक्त पहिली मात्रा जागेवर आणा. फिल-इन (मधे भरायचा छोटा तुकडा) एकाच मेझरचा, म्हणजे तालाच्या एका घराचा असतो, त्यात तुमची लांब तिहाई मावणार नाही. ती मल्टी पॅडवर (बटण दाबलं की वाजणारा वेगळा तुकडा) घ्या, किंवा ४/४ च्या एका मेझरमध्ये ८ मात्रा बसवा, म्हणजे फिललाही पूर्ण आवर्तन मिळतं. बीट (४/४ वगैरे) मात्र रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा. मंडपात जनरेटरवर बसून स्टाइल बदलत असाल तर दर बदलानंतर सेव्ह करा. सेव्ह न करता वीज गेली की केलेलं सगळं गेलं.

बाजारात शेकड्याने मिळणाऱ्या 'इंडियन स्टाइल' विकत घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कोणाला पटणार नाही, हरकत नाही. पण त्यातली ढोलकी तुमच्या गावची नाही.

तुमचे चुलत आजोबा अजून जाखडीला ढोलकी वाजवतात असं लिहिलंय. मग झांजेचं चॅनेल वगैरे नंतर बघू. या रविवारी त्यांच्याकडे जा, पाऊस लागायच्या आत. प्रत्येक बोल तीन जोरांत, दर वेळी चार-पाचदा, आणि घुमारा पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. फाइली झाल्या की एक प्रत माझ्याकडेही पाठवून ठेवा. किट बसवायला मी मदत करेन.