गॅरेजच्या दाराला ओपनर बसवण्याआधी दार तपासा

ओपनर म्हणजे दार उघड-बंद करणारी मोटर; ती हातात घेण्याआधी दार हाताने अर्ध्यावर उचला आणि सोडा. ते तिथेच थांबायला हवं. खाली आपटलं किंवा आपोआप वर गेलं तर स्प्रिंगचा ताण बिघडलेला आहे. तो ताण स्वतः बदलू नका; त्या स्प्रिंगमध्ये हात मोडेल इतका जोर साठलेला असतो, तिथे जाणकारच हवा. ओपनरचं काम दार हलवण्याचं, वजन पेलायचं स्प्रिंगने. हे विसरलं की गिअर झिजतात.

जुनी दोरी काढा, कडी-कुलूप निकामी करा. दार उघडताना त्याची वरची कड सर्वांत उंच कुठे जाते ती खूण करा आणि ओपनरची रेल (जिच्यावरून दार ओढलं जातं) त्याच्या साधारण ५ सेंमी वर येईल असा पुढचा ब्रॅकेट दारावरच्या भिंतीत लावा. स्क्रू लाकडी तुळईत किंवा भक्कम भिंतीतच जायला हवेत, नुसत्या प्लास्टरबोर्डमध्ये नाही. वाटेत काही आलं तर दार बंद होऊ न देणारे सेन्सर जमिनीपासून १५ सेंमीपेक्षा उंच नकोत, आणि समोरासमोर हवेत. किंचित तिरके झाले तरी दार बंद होत नाही.

आता सेटिंग. आधी उघड-बंदची मर्यादा, मग जोर, तोही लागेल तेवढाच. दार अडतंय म्हणून जोर वाढवू नका, अडण्याचं कारण शोधा. शेवटी दाराखाली सुमारे ४ सेंमी जाडीची फळी आडवी ठेवून दार बंद करा. फळीला टेकताच ते उलट वर गेलं पाहिजे. ही चाचणी दर महिन्याला करा.