योग, संघ आणि गॅमा : एका चिनी अक्षराचे तीन उच्चार

‘योग’ हा शब्द चिनी लिपीत दोन अक्षरांनी लिहितात. त्यांतील दुसऱ्या अक्षराला (伽) शब्दकोशात च्या, छ्ये आणि का असे तीन उच्चार दिलेले आहेत. त्यांपैकी खरा कोणता आणि त्या अक्षराचा अर्थ काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. तिन्ही उच्चार खरे आहेत. अर्थ मात्र आजच्या चिनीत जवळजवळ नाहीच. डावीकडे ‘माणूस’ आणि उजवीकडे ‘भर घालणे’ असे घटक दिसतात म्हणून ‘माणसात भर घालतो तो योग’ अशी फोड करणे हा निव्वळ कल्पनाविलास होय, कारण बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी हे अक्षर वापरले ते संस्कृतातील ग, घ हे ध्वनी उतरवून घेण्यासाठी.

‘संघ’ या शब्दातील घ त्यांनी याच अक्षराने लिहिला. ‘संघाराम’ आखडून झालेल्या ‘छ्येलान’ या विहारवाचक शब्दातही ते आहे. आणि सातव्या शतकात ह्युएन त्संग याने गंगेच्या नावासाठीही तेच योजले. त्या काळी त्याच्या आरंभी ग सारखा घोष, म्हणजे कंठातील कंपनासह उच्चारला जाणारा, ध्वनी होता. पुढे उत्तरेकडच्या चिनीतून घोष स्पर्शध्वनी लोपले, या अक्षराचा जो सूर (उच्चारातील आवाजाची पट्टी) होता, त्या सुराच्या अक्षरांत त्यांच्या जागी महाप्राण, म्हणजे हवेच्या झोतासह उच्चारले जाणारे ध्वनी, आले, आणि अशा रीतीने ग चा झालेला ख पुढील इकारसदृश ध्वनीमुळे तालव्य होऊन, म्हणजे टाळूकडे सरकून, छ बनला. बौद्ध संज्ञांत म्हणूनच ‘छ्ये’ ऐकू येते.

‘च्या’ हा उजव्या घटकाचाही स्वतंत्र उच्चार आहे. चीनमध्ये योगाला ‘यूच्या’ म्हणतात, गॅलिलिओच्या नावातही हाच उच्चार आहे. तैवानातील कोश मात्र याच अक्षराने लिहिलेल्या योगाला ‘यूछ्ये’ म्हणतात. (हाच उजवा घटक गवताच्या चिन्हाखाली लिहिला की ‘छ्ये’ म्हणजे वांगे होते, आणि सिगारच्या चिनी नावात त्याच अक्षराचा ‘च्या’ होतो.) ‘का’ हा उच्चार गॅमा किरणांच्या नावात येतो; पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत त्याच्या आरंभी ‘जी’ हे अक्षर असल्याने आपण ‘गा’ वाचतो, पण चिनी उच्चारात घोष नसतो.

अर्थ हवाच असेल, तर तो जपानीत सापडतो. तेथे ‘गारान’ म्हणजे विहार, या शब्दात जुना ग टिकला आहेच, शिवाय ‘तोगी’ असे वाचल्यास याच अक्षराचा अर्थ रात्री सोबतीला बसून मन रमवणे असा होतो. लहान मुलांच्या परीकथांना ‘ओतोगीबानाशी’ म्हणतात, ते यावरूनच.